वाटीवरचा चमचा

रोज सकाळी ऋताची आंघोळ झाली की सुलूताई स्टीलची वाटी आणि चमचा घेऊन तिच्या पाठीमागे बसत आणि ठण्णकन वाजवत. आठ महिन्यांची ऋता वळून बघायची. तेवढ्याने आजीचं समाधान व्हायचं, पण फक्त दुसऱ्या सकाळपर्यंत.

कारण त्यांच्याकडे बायकांचे कान तिशीत जातात. सुलूताईंच्या आईचे गेले, त्यांचे स्वतःचे गेले, आणि लेकीच्या, निहारिकाच्या कानात एकतिसाव्या वर्षी मशीन बसलं. नात झाल्यापासून सुलूताई महाकालच्या गावी, माधव नगरला लेकीकडेच होत्या, आणि त्यांचं मशीन कायम कपाटात. शिट्ट्या मारतं म्हणे! मग बाकीच्यांनी ओरडून घसे फोडायचे.

निहारिकाला तो वाटी-चमचा बघवत नसे. ऋताला हे दुखणं तिच्याकडून यायचा प्रश्नच नव्हता. ऋता वाढली तिच्याच पोटात, पण स्त्रीबीज दुसऱ्या बाईचं होतं. सहा वर्षं सगळे उपाय थकल्यावर तिने आणि नवऱ्याने, परागने, हा मार्ग धरला होता. आईला सांगितलं नव्हतं. "भुवया बघा, थेट माझ्या," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायची. ते सुख काढून घ्यायला निहारिकाची जीभ रेटत नव्हती. शिवाय आईला काही हळूच सांगायची सोयच नव्हती.

त्या सोमवारी सुलूताईंना चक्कर आली.

"उपास कशाला धरलास?" पाणी देत निहारिका ओरडली.

"महाकालला नवस बोललेय. ही तीस वर्षांची होईपर्यंत सोमवार धरीन."

"आई, तू एकाहत्तरची आहेस!"

"तो क्या हुआ? पाप तर माझंच आहे ना. आईने मला दिलं, मी तुला दिलं, आता ही बिचारी..."

आता मात्र निहारिकाला राहवलं नाही. "हिला आपलं काही येणार नाही, आई! बीज माझं नव्हतंच! दुसऱ्या बाईने दिलं होतं!"

शेजारच्या भाभींचा मिक्सर एकदम थांबला. थांबेना का!

सुलूताईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "कोण बाई?"

"नाव सांगत नाहीत. कायदाच आहे तसा!"

"मग भुवया?"

निहारिकाने नकारार्थी मान हलवली. तिला रडू आवरेना. आईचं आपण काय हिसकावलं, ते तिला त्या एका प्रश्नात कळलं.

"कान नकोच होते गं," सुलूताई डोळे पुसत म्हणाल्या, "पर भुवया चालल्या असत्या."

मग त्यांनी वाटीतला चमचा काढून ऋताला खेळायला दिला. तिला मांडीवर ओढलं, आणि जन्मभर मोठ्याने बोलणारी ती बाई नातीच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी कुजबुजली. निहारिकाच्या मशीनला ते पकडता आलं नाही.

"काय सांगितलंस तिला?" तिने ओरडून विचारलं.

"तुला काय करायचंय? आमचं आहे ते."

ऋता खुदकन हसली. त्या खोलीत ते फक्त तिलाच ऐकू गेलं होतं.