सुगंधाबाईंची गाठ

आषाढ लागला होता. आंबे सरले होते आणि रानातल्या आवळ्यांना अजून अवकाश होता. पोंभुर्ण्याच्या घरात मिठातल्या आवळ्यांची एकच बरणी उरली होती, सुगंधाबाईंनी भरलेली. त्या वैशाखात गेल्या. बरणीच्या तोंडावरचं फडकं त्यांच्या लेकीनं, कमळानं, कुणाला सोडू दिलं नव्हतं. आईच्या हातची तेवढी एक गाठ राहिली होती.

शनिवारी कमळा सिंदेवाहीच्या शाळेतून घरी आली, तेव्हा तिची भावजय भागीरथा अंगणात चूळ भरत होती. पाणी लाल होतं.

"दातून जोरानं घासलं का गं?"

"नाई बाई. पंधरा दिस झाले. घास चावला का रक्त येते."

कमळाचं लक्ष बरणीकडे गेलं. क जीवनसत्त्व कमी पडलं की हिरड्या अशा होतात, आणि अंगावर पाजणारीला ते सगळ्यांहून जास्त लागतं, हे तिनं वाचलं होतं.

"आवळा खा."

"बाळंतिणीले आंबट?" कमळाचा भाऊ मुखरू ओसरीवरून ओरडला. "लेकरू खोकलून मरन ना, बाई!"

भागीरथा पदराआड हसली. "सासूबाई तर रोज देत. 'मुखऱ्या यायच्या आत तोंड पूस' म्हनत."

 कमळानं बरणी पुढे ओढली. लहानपणी आई आवळा त्याच्या रेघांवरून चिरायची. पोराला एक फाक, मोठ्याला दोन, गर्भारणीला तीन, पाजणारीला चार. काकूला जास्त मिळे म्हणून कमळा रुसायची. पुस्तकात कुणाला किती क जीवनसत्त्व लागतं याचं कोष्टक पाहिलं तेव्हा तिला तो रुसवा आठवला होता.

मिठानं गाठ आवळली होती.

"कापू का?" भागीरथेनं विचारलं.

"नको."

कमळानं ती दातांनी सोडवली. ओठांना मीठ लागलं.

तिनं फाका वाटल्या.

"मले दोनच काऊन?" मुखरू म्हणाला.

"तू कोणाले पाजतोस? अन् मूठभर खाल्ले होतेस तेव्हा दिवसभर लोटा घेऊन पळत होतास, विसरला?"

सवयीनं चुलीपाशी आईच्या वाट्याच्या दोन फाका वेगळ्या ठेवल्या गेल्या होत्या. कमळानं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्याही भागीरथेच्या ताटलीत सरकवल्या.

"आज तेवढ्या जास्त. उद्यापासून चार. अन् रक्त थांबलं नाही तर चांद्याच्या दवाखान्यात जायचं."

तिनं फडकं पुन्हा बांधलं. गाठ सैलच मारली. उद्या भागीरथेला सोडायची होती.