ताण्यावरून उठायचं नाही

तुळजाबाईंचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. घडीत घरात, घडीत गल्लीत. मध्येच आभाळाकडे बघायचं आणि त्याला शिव्या घालायच्या. भाद्रपदात निदान ऊन तरी धड पडावं, तर नेमका आजच दिवस ओलसर आणि कोंदट निघाला होता.

महालाच्या पलीकडल्या त्या विणकरांच्या गल्लीत त्यांच्या नवऱ्याचा, नत्थूजींचा, ताणा लागला होता. या टोकाच्या खुंटापासून त्या टोकाच्या खुंटापर्यंत सूत ताणून बांधलेलं, त्यावर पेजेची खळ दिलेली, आणि दोन्ही बाजूंनी शेजारीपाजारी कुंचे फिरवत उभे. खळ सुकेपर्यंत कुंचा थांबवायचा नसतो. थांबला की धागे एकमेकांना चिकटतात आणि सूत वाया जातं. सूत तरी कुठे आपलं? शेठनं परवा दिलेलं, कापड होऊन दसऱ्याआधी शेठकडेच जायचं. सूत बिघडवणाऱ्याला तो पुन्हा दारात उभं करत नसे.

शेजारी मदतीला फुकट येत. रीत एकच होती. कुंचा धरलेलं घरचं माणूस ताण्यावरून उठलं की, त्याच्या जागी घरातलं दुसरं आलं तरी, परक्यांनीही कुंचे खाली ठेवायचे. रीत वाईट नव्हती, तिच्यामुळेच सगळ्यांची कामं उरकत. पण तिनंच सगळ्यांना जागच्या जागी धरून ठेवलंय, हे बोलायची कुणाची छाती नव्हती.

घरचं माणूस म्हणजे पुष्पलताही. नत्थूजींची मुलगी, गल्लीतली पहिली मॅट्रिक पास पोरगी. आज दहाला तिची नर्सिंगची मुलाखत होती. निवड झाली तर राहणं-जेवण फुकट, वर महिन्याला विद्यावेतन. आठपर्यंत ताणा सुकेल या भरवशावर नत्थूजींनी पहाटेच खळ दिली होती. आता नऊ वाजून गेले तरी ताणा ओलाच. पुष्पलता नव्या पातळाचा पदर खोचून, मान खाली घालून कुंचा फिरवत होती.

"जाऊ द्या ना जी तिले," तुळजाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"मी नाही म्हणून राहिलो काय?" नत्थूजी करवादले. "सुकू तर दे!"

"हे आभाळ सुकू देऊन राहिलं काय?"

पलीकडच्या बाजूनं बाबनराव बोलले. शेजारचेच, वयानं वडील आणि रीतीचे पक्के. "तुळजाबाई, मागच्या साली रेल्वेची भरती होती, तवा माह्या घरी ताणा होता. आमचा लहानू गेला काय? नाही गेला." हे त्यांनी असं सांगितलं, जणू पोरानं कुस्तीच मारली होती. लहानू बापाशेजारीच उभा होता. पंचविशीतच पाठीला बाक आलेला. त्याचा कुंचा जरा जोरात फिरला.

शहाणी माणसं गरिबीची कारणं सांगतात. दारू, आळस, पोरांचं लेंढार. या गल्लीत येऊन बघा म्हणावं. इथे आळशी व्हायलाही सवड नव्हती. बाहेर पडायला फक्त एक सकाळ मोकळी लागायची, आणि तीच कुणापाशी नव्हती.

"राहू दे वं आई," पुष्पलता मान वर न करता म्हणाली. "पुढच्या साली पाहू."

पुढच्या साली! लग्न होऊन या घरात आल्यापासून तुळजाबाई हेच ऐकत आल्या होत्या. त्या तरातरा घरात गेल्या, विळा घेऊन बाहेर आल्या आणि टोकाच्या खुंटाची दोरी त्यांनी एका हिसक्यात कापली.

खळीनं ओला झालेला ताणा गल्लीभर धुळीत लोळला. कोणीतरी किंचाळलं.

"झाला तुमचा ताणा," तुळजाबाई म्हणाल्या. "आता कोनासाठी थांबतं वं? जाय!"

पुष्पलताला पाऊल उचलेना. लहानूनं कुंचा फेकला, भिंतीला टेकवलेली सायकल ओढली. "चाल, बस मांगं." बाबनराव "लहान्या!" म्हणून ओरडले, तोवर सायकल कोपऱ्यावरून वळलीसुद्धा.

बाकीच्यांनी मुकाट्यानं कुंचे खाली ठेवले. नत्थूजी आता बायकोवर हात टाकणार, असंच सगळ्यांना वाटलं. ते धुळीत उकिडवे बसले. चिखल झालेलं सूत उचलून बोटांनी सोडवू लागले. ते सुटणारं नव्हतं.

तुळजाबाईंनी विळा खाली ठेवला. शेठला काय सांगायचं, उद्या चूल कशावर पेटवायची, हे सगळं त्यांना आत्ता एकदम सुचलं आणि त्या मनापासून भ्यायल्या. नवऱ्याच्या समोर त्याही खाली बसल्या.

नत्थूजींनी मान वर केली नाही. ते धागे चाचपत राहिले. मग म्हणाले,

"पोरगी टायमावर पोचन का वं?"