राजा कोपऱ्यात

"मामा, हत्तीने उंट मारला म्हणून सांगा त्यांना! आणि सांगताना त्यांचा चेहरा नीट बघून ठेवा, मला वर्णन हवंय."

एवढे बोलून नगराध्यक्ष कोट सावरत बैठकीकडे पळाले. लिफ्टमामांनी चौथ्या मजल्यावरचा जाळीचा दरवाजा ओढून घेतला, दांडा खाली केला आणि लिफ्ट नेहमीसारखी कुरकुरत दुसऱ्या मजल्याकडे निघाली. दुसऱ्या मजल्यावर विरोधी पक्षनेत्या बाई बसत.

सभागृहात ही दोघे एकमेकांना पाण्यात पाहत. साहेब म्हणाले पूर्व, की बाई म्हणत पश्चिम. पण नऊ वर्षांपूर्वी कुठल्याशा लांबलेल्या सभेत दोघांनाही कळले की समोरच्याला बुद्धिबळ येते, आणि तेव्हापासून दोघांच्या खोलीत, पडद्याआड, एकेक पट मांडलेला असे. दोघांच्या पक्षांनी एकमेकांशी बोलायची बंदी घातलेली. चिठ्ठी लिहावी तर ती दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात, फोन करावा तर ऐकणारे दहा. मग उरले मामा. ते दिवसातून चाळीस वेळा खालीवर करत आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. साहेबांची चाल खाली, बाईंची चाल वर. नऊ वर्षांत त्यांनी एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता, आणि याचा त्यांना मनातून केवढा तरी अभिमान होता.

आता इतकी वर्षे दुसऱ्यांच्या चाली वाहून नेल्यावर माणसाला खेळ आल्याशिवाय राहतो थोडाच? मामांनी घरी पुठ्ठ्यावर पट आखला होता. मामी कपडे शिवायच्या, त्यामुळे बटणांना तोटा नव्हता. ओव्हरकोटाचे मोठे काळे बटण म्हणजे राजा, ब्लाउजची चिमुकली बटणे म्हणजे प्यादी. संध्याकाळी हातपाय धुतले की मामा दिवसभराच्या चाली पटावर मांडत आणि मामी सुईत दोरा ओवता ओवता विचारत, "आज कोणाची खोड मोडली?"

तर त्या दिवशी चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये मामांच्या डोळ्यांसमोर तो पट उभा राहिला आणि त्यांना घाम फुटला. साहेबांचा हत्ती एका मोक्याच्या घरावर पहारा ठेवून उभा होता. तो उंट मारायला गेला, की बाईंचा घोडा त्या रिकाम्या घरात उडी मारणार, राजाला शह देणार, त्याच उडीत वजिरावरही रोख धरणार आणि पुढच्या चालीत तो टिपणार. खेळ खलास. आणि राजा आधी एक घर सरकून कोपऱ्यात गेला, तर घोड्याचा काही इलाज चालत नाही. इतकी सोपी गोष्ट! साहेबांना बैठकीची घाई होती म्हणून दिसली नाही, एवढेच.

त्यात हा डाव साधा नव्हता. यावेळी पैज लागली होती: हरेल त्याने भर सभागृहात जिंकणाऱ्याबद्दल पाच चांगली वाक्ये बोलायची.

दुसऱ्या मजल्यावर दार उघडले. बाई हातात फायली घेऊन समोरच उभ्या.

"काय म्हणतात तुमचे साहेब?"

मामांनी तोंड उघडले आणि तोंडातून शब्द आले, "राजा कोपऱ्यात."

बाई थबकल्या. फायलींवर हनुवटी टेकवून त्यांनी विचार केला. "अरेच्चा! यांना एवढं शहाणपण कधीपासून सुचायला लागलं?"

त्या शाबासकीने मामांच्या अंगावर मूठभर मांस चढले. ते पुढच्या मजल्यापर्यंत टिकले. मग त्यांच्या लक्षात आले, की खालच्या पटावर राजा कोपऱ्यात आहे आणि वरच्या पटावर हत्तीने उंट खाल्लेला आहे. आता दोन पटांवर दोन वेगळे डाव चालू झाले होते, आणि ही करामत सर्वस्वी त्यांची होती.

साहेब बैठकीत होते. मामा टपाल ठेवायच्या निमित्ताने त्यांच्या खोलीत शिरले, पडदा बाजूला केला आणि हत्ती मागे घेतला, मेलेला उंट जिवंत केला, राजा कोपऱ्यात नेऊन बसवला. साहेब विचारतील तेव्हा सगळे कबूल करायचे, असे त्यांनी ठरवले होते.

पण साहेबांनी विचारलेच नाही! दुपारी पटाकडे पाहून त्यांनी कपाळाला दोन आठ्या घातल्या, मग स्वतःशीच मान डोलवली. "हं. राजा कोपऱ्यात. खोल चाल आहे, मामा. माझ्यासारखाच माणूस खेळू जाणे." राजकारणात मुरलेला माणूस. स्वतःच्या पटावर चांगले काही दिसले की ते आपणच केले असणार, यात त्यांना शंका कशी यावी?

अकरा चालींनंतर बाईंवर मात झाली.

त्या संध्याकाळी मामांनी बटणे मांडली नाहीत. ताटातला भातही नुसता चिवडत बसले.

"काय झालं? लिफ्ट अडकली का कुठे?" मामींनी विचारले.

मामांनी सगळे सांगितले. बाईंना उद्या सभागृहात उभे राहून साहेबांची स्तुती करावी लागणार, त्यांच्या पक्षातले लोक त्यांना फाडून खाणार, आणि हे सगळे एका लिफ्टवाल्याने शहाणपणा केला म्हणून.

मामींनी शिवण बाजूला ठेवली. "मग सांगून टाका."

"अगं, निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. बाईंनी तक्रार केली तर घरी बसवतील."

"बसवू देत. मी काय, रोज चार बाह्या जास्त शिवीन. पण तुम्ही असे तोंड पाडून बसलात ना, तर मला घरात दोन मिनिटं बसवायचं नाही."

दुसऱ्या दिवशी साडेनऊला बाई लिफ्टमध्ये चढल्या. रात्रभर वाक्ये जुळवून त्यांचे डोळे सुजले होते. दार लावायच्या आत साहेबही घुसले. आज त्यांना कुणाची भीती नव्हती. "येतो हं मीही! जिंकलेल्या माणसाला जिना कशाला?"

मामांनी दांडा हलवला. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये त्यांनी तो घट्ट धरून लिफ्ट थांबवली.

"बंद पडली?" साहेब म्हणाले.

"नाही साहेब. मी थांबवलीय." मामा बाईंकडे वळले. "बाई, ती राजाची चाल साहेबांची नव्हती. साहेबांनी सांगितलं होतं, हत्तीने उंट मारला. मी बदललं. वरचा पटही मीच फिरवला. माझं चुकलं. काय शिक्षा द्यायची ती द्या."



"काहीतरीच काय!" साहेब उसळले. "ती चाल माझीच होती. मला चांगलं आठवतंय, मी त्यावर तासभर डोकं खाजवलं होतं!"

"असं?" बाई साहेबांकडे वळल्या. "मग सांगा बरं, का हलवला राजा?"

"का म्हणजे... कोपऱ्यात बरा असतो. सुरक्षित."

"कशापासून सुरक्षित?"

साहेबांनी छताकडे पाहिले. मग खडखडणाऱ्या पंख्याकडे. शेवटी त्यांनी मामांकडे पाहिले.

"हत्ती हलला असता तर बाईंचा घोडा त्या घरात आला असता, साहेब," मामा हळूच म्हणाले. "राजाला शह आणि वजीर गेला."

साहेबांनी मनातल्या मनात पट मांडला. त्यांचे ओठ हलले, बोटे हलली, आणि एकदम ते कानापर्यंत लाल झाले. मग गदगदून हसायला लागले. "तरीच! मीही म्हटलं, मी एवढा पुढचा विचार कधीपासून करायला लागलो?" डोळे पुसत ते बाईंना म्हणाले, "पैज रद्द. भाषण करू नका."

बाई मात्र हसल्या नाहीत. "मामा, तुम्ही माझा डाव नासवलात. खेळात दोघंच असतात. तिसरा बोलला की तो खेळ राहत नाही."

"हो, बाई."

"यापुढे तुमच्या हातून निरोप जाणार नाहीत."

"नाहीत, बाई," मामा म्हणाले. हे असेच होणार हे त्यांना ठाऊक होते. पण नऊ वर्षे लिफ्टमध्ये ते एकटे कधी नव्हतेच. डोक्यात कायम बत्तीस सोंगट्या असायच्या.

"आणि पैज रद्द नाही," बाई पुढे म्हणाल्या. "मी हरले ती हरलेच. पाच वाक्यं मी बोलणार. अकरा वाजता लिफ्ट बंद करून सभागृहाच्या दाराशी येऊन उभे राहा."

सव्वीस वर्षे मामांनी माणसे सभागृहाच्या मजल्यावर आणून सोडली होती, पण चालू सभा कधी पाहिली नव्हती. अकराला ते दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहिले. बाई उठल्या.

"एका खेळात मी हरले आहे आणि पाच वाक्यं बोलायचं वचन दिलं आहे," त्या म्हणाल्या. "पहिलं, ज्याने मला हरवलं त्याने नऊ वर्षांत कधी शब्द फिरवला नाही. दुसरं, एकदा फिरवला, कारण समोर चूक होताना त्याला पाहवलं नाही. तिसरं, घाईने उंट मारायचा सोडून त्याने राजा कोपऱ्यात नेला, आणि या वर्षात या इमारतीत झालेली ती सगळ्यात शहाणी चाल आहे. चौथं, आपली चूक त्याने स्वतः येऊन कबूल केली, आणि हे मी या इमारतीत पहिल्यांदाच पाहिलं. पाचवं, अशा माणसाकडून हरल्याचं मला वाईट वाटत नाही."

सत्ताधारी बाकांवर एकच जल्लोष उसळला. साहेबांची स्तुती, तीही बाईंच्या तोंडून! लोक बाके बडवायला लागले. 'चूक कबूल केली' म्हणजे नक्की कोणती, असे दोघा-तिघांनी एकमेकांना विचारले, पण बाक बडवायचे कोणी थांबले नाही. शेजारच्याने साहेबांच्या पाठीवर थाप मारली आणि उठून अभिवादन करा म्हणून खुणावले.

साहेब उठले. नारळ फोडायचा असो, फीत कापायची असो, दुसऱ्याने बांधलेला पूल असो, मान आपल्याकडे घ्यायची संधी या माणसाने जन्मात सोडली नव्हती. आज त्यांनी सभेकडे पाठ केली, दाराकडे तोंड केले आणि टाळ्या वाजवल्या. समोरच्या बाकावरून बाईही दाराकडे पाहून टाळ्या वाजवू लागल्या. काही सदस्यांनी मागे वळून पाहिले. दारात कोणीच नव्हते, नुसता लिफ्टवाला काहीतरी निरोप घेऊन आलेला दिसत होता.

मामांना दोन्ही हातांचे काय करावे ते कळेना. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि डोळे भरून यायच्या आत बाहेर पडले.

तळमजल्यावर ही एवढी रांग लागली होती.

"मामा, होतात कुठे? बेल दाबून दाबून बोट दुखायला लागलं!" टायपिस्ट बाई करवादल्या.

"सभागृहात होतो."

रांग खो खो हसली. "अरे वा! भाषण केलंत की काय?"

"नाही," मामा म्हणाले, "ऐकलं." त्यांनी जाळीचा दरवाजा ओढून घेतला आणि दांड्यावर हात ठेवला. "बोला, कितवा मजला?"