चार बोटांची फट

मी एक जुनी साखळी आहे. मित्रांनो, गळ्यातली नव्हे आणि कुत्र्याच्या पट्ट्याचीही नव्हे. दाराला आतल्या बाजूने लावतात ना, ती. दार चार बोटं उघडतं आणि तिथे मी त्याला अडवते. त्या फटीतून बाहेरच्या माणसाचा एक डोळा, अर्धं नाक आणि एक चप्पल दिसते. तेवढ्यावरून माणूस पारखायचा, ही माझी विद्या. तुम्ही माझी गोष्ट ऐकायला बसला आहात, पण नक्की गोष्टीसाठीच ना, अशी शंका मला आलेली आहेच. असो. बसा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लोखंडी तारेचे तुकडे वळवून माझ्या कड्या केल्या आणि वरून पितळेचा मुलामा दिला. मग बहिणींबरोबर एका खोक्यात बसून मी हार्डवेअरच्या दुकानात आले. तिथे एक गिऱ्हाईक आलं. मला हातात घेऊन त्याने खिशातून चक्क लोहचुंबक काढलं. मी चटकन चिकटले.

"पितळी म्हणालात," गिऱ्हाईक दुकानदाराला म्हणालं.

"वरून पितळी, साहेब. आतून लोखंड. नुसतं पितळ चोर एका झटक्यात तोडेल."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"आधी कोणी विचारलंच नाही."

गिऱ्हाईक पहिल्यांदाच हसलं आणि मला घेऊन घरी आलं. तेच माझे मालक. ते वजनमापांचे तपासनीस होते. बाजारात त्यांना काटासाहेब म्हणत, अर्थात त्यांची पाठ वळल्यावर. पिशवी घेऊन साध्या माणसासारखे ते दुकानात जायचे, माल घ्यायचे आणि कोपऱ्यावर जाऊन तोच माल आपल्या काट्यावर घालायचे. आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही, म्हणून हे काम त्यांनी हाताखालच्या माणसांवर कधी सोडलं नाही. मापात पाप शोधता शोधता त्यांना सगळीकडेच पाणी मुरताना दिसू लागलं. लग्नासाठी एक स्थळ सांगून आलं होतं. त्या मुलीची चौकशी त्यांनी इतकी केली, की चौकशी पुरी होईपर्यंत तिचं दुसरीकडे लग्न होऊन तिला मुलगाही झाला. साहेब सडाफटिंग राहिले ते राहिलेच.

माझे मात्र ते सुखाचे दिवस होते. साहेब मला आठवड्याला तेल देत. कोणी बेल वाजवली की आधी मी, मग दार. विम्याचा माणूस, वर्गणीवाले, पत्ता चुकलेले पाहुणे, सगळ्यांना मी चार बोटांवर उभं केलं. "ही आहे म्हणून डोळा लागतो," असं साहेब स्वतःशीच म्हणत. एकटी माणसं मोठ्याने बोलतात, ते मला आवडतं. काही लपून राहत नाही.

मग साहेब निवृत्त झाले, आणि काही वर्षांनी त्यांना जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी बहिणीला फोनवर सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. हृदयाची झडप गेली होती. या वयात शस्त्रक्रिया झेपणार नव्हती. "एकटे राहू नका म्हणे," साहेब म्हणाले. "आता या वयात दुकटा कुठून होऊ?"

त्याच सुमारास वरच्या मजल्यावर एक गोष्ट घडली. तिथे चित्रकलेचे एक मास्तर राहायचे, तेही एकटेच. ते दारामागे मरून पडले आणि कोणाला पत्ताच लागला नाही. वास सुटला तेव्हा लोक जमले. किल्लीवाला आला, कुलूप उघडलं, पण आतून साखळी होती. माझ्याच खोक्यातली ती माझी बहीण. तिला कापावं लागलं. जिन्यातून उतरताना कोणीतरी म्हणालं, "मेली ती साखळी! जन्मभर चोर आला नाही, आणि शेवटी माणसांनाच अडवलं."

साहेब दाराआड उभे राहून हे ऐकत होते. त्या दिवसापासून त्यांना मरणाची भीती वाटेनाशी झाली आणि कोणालाही न कळता मरण्याची वाटू लागली. मी मात्र म्हणेन, भीती वाटली तरी दार उघडं टाकायचं नसतं.

बहिणीचा फोन रोज येऊ लागला. ती दूरगावी, गुडघ्यांनी अधू. ती म्हणायची, "दादा, घाबरू नकोस. तिकडे आई वाट बघत असेल."

"बघत असेल तर उत्तमच. पण आईला घ्यायला बाबा आले असतील. बाबांना आजी. ज्याचं त्याचं माणूस. मला कोण येणार? इथे दाराशी कोणी नाही, तिथेही दाराशी कोणी नाही, असं झालं तर?"

"असं कसं होईल?"

"आणि तिकडे पाप-पुण्याचं माप करतात म्हणे. तो काटा कोण तपासतं?"

बहीण त्यावर रडत असावी, कारण साहेब बराच वेळ नुसते "हो, हो" करत राहिले.

आता समोरच्या दारातल्या बाईंविषयी सांगते. त्या शिवणकाम करायच्या, शाळेचे गणवेश. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. सगळे त्यांना ताई म्हणत. एके सकाळी त्यांनी बेल वाजवली. फटीतून मला एक डोळा आणि गळ्यात लोंबणारी मापाची पट्टी दिसली.

"साहेब, मास्तरांचं झालं तसं आपलं नको व्हायला," ताई म्हणाल्या. "मी रोज सकाळी कापड आणायला निघते. जाता जाता तुमचं दार वाजवीन, आहात का विचारीन. तुम्ही साखळी वाजवा. बस."

"याचे तुम्ही काय घ्याल?"

"काय घेणार? तुमची साखळी वाजली की मलाही बरं वाटेल. माझं तरी कोण आहे?"

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. साहेबांच्याही चुकचुकली असणार. तरी भीतीपोटी ते कबूल झाले, दुसरी किल्लीही त्यांनी ताईंना दिली. पण मला काढलं नाही. किल्लीने कुलूप उघडेल, पुढे मी आहेच, असा तो अर्धा विश्वास होता. मला तो पुरेसा वाटला.

सकाळ झाली की बाहेरून हाक यायची, "साहेब, आहात का?" साहेब मला खळखळ वाजवून म्हणायचे, "आहे, आहे." मग पायऱ्यांवर चपला वाजत जायच्या. असे कितीतरी आठवडे गेले. साहेब लवकर उठून दाढी करून दाराशी बसू लागले. खरं सांगायचं तर ते हाकेची वाट बघायचे. पण मित्रांनो, संशयाला औषध नाही. एका सकाळी ते स्टूल ओढून दारासमोर बसले, हातात घड्याळ घेतलं आणि मला हळूच म्हणाले, "आज तपासणी. गप्प राहायचं."

हाक आली. साहेब गप्प, मी गप्प. पुन्हा हाक आली. मग थापा पडल्या. "साहेब! अहो साहेब!" मग चपला धाडधाड जिना उतरून गेल्या.

"बघितलंस?" साहेब कुजबुजले. "गेली. दोन हाका आणि कर्तव्य संपलं."

मी खूश झाले. माणूस ओळखण्यात आपण चुकलो नाही, याचं समाधान मोठं असतं. पण साहेबांचा चेहरा उतरला होता. जिंकलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता.

थोड्या वेळाने चपला परत आल्या. किल्ली फिरली. दार चार बोटं उघडलं आणि मी त्याला अडवलं. फटीतून एक हात आत आला. सुया टोचून टोचून बोटांची टोकं खरखरीत झालेला हात. तो माझा हुक शोधत होता. दुसऱ्या हातात सायकलवाल्याकडची मोठी पक्कड होती. ताई धापा टाकत, रडत आतल्या अंधाराशी बोलत होत्या.

"थांबा हं साहेब. जाऊ नका. आले मी. एकटे नाही तुम्ही, मी आले."

माझ्या कडेने त्यांचं मनगट सोललं. रक्त आलं. त्यांनी हात काढला नाही. मग हुक दिसावा म्हणून त्यांनी फटीला डोळा लावला, आणि त्यांना स्टुलावर बसलेले साहेब दिसले. जिवंत. हातात घड्याळ.

"तपासणी होती," साहेब म्हणाले.

ताईंनी हात बाहेर ओढला. पदराने डोळे पुसले. "मग?" त्या म्हणाल्या. "किती भरले मी?"

ताईंनी दार ओढून घेतलं. किल्ली दाराखालच्या फटीतून आत सरकवली आणि त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी हाक आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. साहेब दाढी करून बसायचे. चपलांचा आवाज दाराशी यायचा आणि न थांबता पुढे जायचा. एकदा साहेबांनी आपणहून मला खळखळ वाजवलं. पलीकडे कोणी नव्हतं. ते कपाळ दाराला टेकवून उभे राहिले. मला वाटलं, आता आपल्याला वाईट दिवस येणार. तसंच झालं. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि मला दारावरून उतरवलं.

मला मुठीत धरून ते समोर गेले. तेवढ्या चार पावलांत त्यांना दोनदा थांबावं लागलं. ताईंनी दार उघडलं ते सताड. त्यांच्या दाराला साखळीच नव्हती. मी मनात म्हटलं, काय बेफिकीर बाई आहे!

"त्या दिवशी तुम्ही विचारलंत," साहेब म्हणाले. "खोट मालात नव्हती. काट्यात होती. चुकलो मी."

ताईंच्या तोंडात दोरा होता. तो त्यांनी दाताने तोडला. "बसा आधी. केवढी धाप लागलीय. आणि ही कशाला आणलीत?"

"काढली. दाखवायला आणली."

"दाराला भोकं पडली असतील. मेण भरा, नाहीतर मुंग्या होतील," ताई म्हणाल्या. एवढंच. माफ केलं, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. पण साहेबांनी पुढे केलेली किल्ली त्यांनी परत ठेवून घेतली.

त्यानंतर मी साहेबांच्या खिडकीत पडून राहिले. तेल बंद झालं, धूळ बसली. दुपारी ताई आपली बटणं आणि सदरे घेऊन साहेबांकडे येऊन बसत. दार उघडंच असे. मी डोळ्यांत तेल घालून त्यांच्यावर पाळत ठेवली. एकदा त्यांनी साहेबांचं कपाट उघडलं. म्हटलं, आली बाई मूळ वळणावर! त्यांनी एक सदरा काढला, त्याचं तुटलेलं बटण लावलं आणि सदरा होता तिथे ठेवला. मी आणखी लक्ष ठेवलं. आणखी काही सापडलं नाही. मला तर त्याचाच संशय आला.

साहेब आता आरामखुर्चीतून फारसे उठत नसत. एका दुपारी ते म्हणाले, "तुमचं बरं आहे. तिकडे तुमचे मिस्टर असतील. घ्यायला येतील."

"आमचे हे?" ताई हसल्या. "जिवंत होते तेव्हा कधी स्टेशनवर घ्यायला आले नाहीत!"

साहेबही हसले. हसता हसता खोकले, मग गंभीर झाले. "खरं सांगा. पलीकडे आहे का काही?"

"मला नाही ठाऊक. आणि ठाऊक आहे म्हणणाऱ्याची चौकशी केल्याशिवाय तुम्ही थोडेच राहणार?"

"मला कोणी घ्यायला नाही आलं तर?"

ताईंनी सुई थांबवली. "घ्यायला कोण येईल ते मला नाही सांगता येणार. पोचवायला मात्र मी आहे."

साहेबांनी मान डोलावली. मी त्यांना इतकी वर्षं पाहिलं होतं. एखादं बोलणं न तपासता त्यांनी घेतलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्याच आठवड्यात, अशाच दुपारी, ताई सदऱ्यांची काजं करत होत्या. साहेबांनी डोळे मिटून विचारलं, "ताई, आहात का?"

"आहे."

मग ते काही बोलले नाहीत. ताईंनी एक काज पुरं केलं आणि वर पाहिलं. हातातलं काम खाली ठेवलं, खुर्ची जवळ ओढली आणि साहेबांचा हात हातात घेऊन त्या बसून राहिल्या. आरडाओरडा नाही. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. मी सवयीने दाराकडे पाहत होते. दारातून कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही. मरण माझ्या नजरेतून कसं सुटलं ते मला कळलं नाही. साहेबांना घ्यायला कोणी आलं होतं का? मी पाहिलं नाही. पण म्हणून आलं नसेल, असंही मी म्हणणार नाही.

संध्याकाळी साहेबांचा भाचा आला. घरभर फिरला, मग दाराशी थांबला.

"मामांच्या दाराला साखळी होती. ती कोणी काढली?"

"त्यांनीच," ताई म्हणाल्या.

"आणि किल्ली तुमच्याकडे कशी?"

"त्यांनीच दिली."

"हं. आता मामा काही साक्षीला येणार नाहीत." त्याने ताईंकडे डोळे बारीक करून पाहिलं. ती नजर मी चांगली ओळखते. ती माझीच नजर होती. "शेवटच्या वेळी इथे फक्त तुम्हीच होतात ना?"

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. किल्ली टेबलावर ठेवली, बटणांचा डबा उचलला आणि आपल्या घरी गेल्या. नंतर दोन-चार शेजाऱ्यांनी तीच शंका आपापसांत बोलून दाखवली. भाच्याने मला भंगाराच्या पिशवीत टाकलं, आणि तिथूनच मी तुमच्याशी बोलते आहे.

मित्रांनो, दारं लावा, साखळ्याही लावा, माझी हरकत नाही. पण तुमच्या जिन्यात कोणी एकटं राहत असेल तर रोज त्याचं दार वाजवा. आतून आवाज आला नाही तर फटीतून हात घाला, मनगट सोललं तरी. मी जन्मात कोणाची बाजू घेतली नाही. कोणाला जामीन राहिले नाही. पण त्या बाईंविषयी कोणी तुम्हाला विचारलं, तर सांगा: साहेब एकटे गेले नाहीत. ताई त्यांचा हात धरून बसल्या होत्या. साखळीने पाहिलं आहे.