पंचविसावी विडी

“हा बंडल फुटलाच नव्हता, मावशी. यादवच्या खिशात जसाच्या तसा सापडला,” गोरक्ष म्हणाला आणि नजर चुकवून चहाच्या कपात बघत बसला.

कुसाबाईच्या मांडीवरचं विड्या वळायचं सूप हललं. यादव, तिचा एकुलता एक, डिसेंबरच्या लढाईत रात्रीच्या पहाऱ्यावर असताना गोळी लागून गेला, त्याला दोन महिने झाले होते. हा गोरक्ष त्याच्याच पलटणीतला, कळवणचा. सुट्टीवर घरी जाताना वाट वाकडी करून सिन्नरला उतरला होता.

दर महिन्याला ती स्वतः वळलेल्या विड्यांचं पार्सल धाडायची. ‘आये, तुझ्या विड्या आल्या की खंदकात आपलं घर येतं,’ असं पोराने लिहिलं होतं. पत्र वाचून घेताना बाई अशी फुलली होती, की बोलायची सोय नाही! पण तेराव्याला शेजारचा निवृत्ती, जुना लष्करातला, बोलून गेला, “रात्री विडी पेटली, की दुश्मनाला नेम गावतो.” मेल्याच्या जिभेला काही हाड? तेव्हापासून डोळे मिटले की तिला काळोखात एक लाल टोक दिसायचं. आपल्याच विडीने पोराला खाल्लं का, एवढंच तिला विचारायचं होतं.

“म्हंजी त्यानं वढली नवती?”

“नाय ना! तुमचं पार्सल आलं की चार दिस मरणाचं भ्याव वाटायचं नाय, मावशी. समदेच वढायचो. पन त्या राती नाय. आईशप्पथ.”

तिने बंडल मुठीत धरला. रोज हजार विड्या बांधणारी मूठ ती, तिला मोजावं लागत नव्हतं. पंचविसाच्या जागी चोवीसच होत्या. हिरवा दोराही तिचाच, पण त्याला गाठ होती. ती दोऱ्याचं टोक आत खोचायची, गाठ कधी मारायची नाही.

म्हणजे बंडल फुटला होता, एक विडी पेटली होती, आणि मग कुणीतरी तो पुन्हा बांधला होता. समोर ते पोर कप घट्ट धरून बसलं होतं. एवढ्या लांबून हे खोटं जपून आणलंय बिचाऱ्याने. ते उघडं पाडलं तर त्यालाही जन्मात झोप लागायची नाही.

“व्हय रे बाबा,” ती म्हणाली, “फुटलेला नाय. माझीच गाठ हाय ही.”

गोरक्ष हमसून हमसून रडला. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, भाकरी बांधून दिली, यष्टीपर्यंत पोचवलं.

परत येऊन ती सुपाशी बसली. पान कातरलं, चिमूटभर तंबाखू घातली. बंडलात एक घालून पंचवीस करायच्या होत्या. तीस वर्षं न बघता वळणारी बोटं, पण आज काही केल्या ते पान वळेना.