सभागृहाचे दगड

लढाईचं दुसरं वर्ष चालू होतं, तरी शहरातल्या नव्या सभागृहाचं काम एक दिवसही थांबलं नव्हतं. त्या सकाळी गवंड्यांचा मुकादम ओळंबा पिशवीत टाकून कामावर निघाला, तेव्हा त्याची परिचारिका लेक चहा गाळत होती. तोफगोळ्यांपासून बचावाला इस्पितळाच्या खिडक्यांसमोर आडभिंत हवी, म्हणून ती महिनाभर बापाच्या मागे लागली होती.

"बाबा, तुमच्या सभागृहात बसायला माणसं तरी शिल्लक राहू द्या," ती हसत म्हणाली.

मुकादमाने त्या दिवशी नगराध्यक्षांपुढे शब्द टाकला. बांधकाम थांबलं तर लोकांचा धीर सुटेल, दगड तर सगळा दर्शनी भागालाच लागणार आहे, असं नगराध्यक्षांनी समजावलं. हाताखालच्या साठ माणसांची रोजी आठवून मुकादम तोंड मिटून परतला.

चौथ्या दिवशी भरदुपारी इस्पितळाच्या अंगणात तोफगोळा पडला. खिडकीजवळच्या खाटेवरच्या रुग्णाला आडोसा देताना लेक गेली. तो रुग्णही वाचला नाही.

नगराध्यक्ष सांत्वनाला आले. सभागृहाच्या जिन्याला लेकीचं नाव देऊ, म्हणाले. तोवर मुकादमाच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. जिन्याचं ऐकलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो उठून दार उघडून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने साठही माणसांना सभागृहाचा दर्शनी भाग उतरवायला लावला. दगड गाड्यांवर चढले आणि इस्पितळापुढे आडभिंत उभी राहू लागली. नगराध्यक्ष पोलीस घेऊन धावत आले. सरकारी मालमत्तेची नासधूस केल्याबद्दल तुरुंगात टाकीन, अशी त्यांनी धमकी दिली.

मुकादमाने हातातली थापी खाली ठेवली.

"टाका. त्याआधी त्या खिडकीत जाऊन उभे राहा, माझी लेक उभी होती तिथे. संध्याकाळपर्यंत उभे राहिलात, तर एकेक दगड परत नेऊन बसवतो."

दूरवर तोफा वाजत होत्या. नगराध्यक्षांनी खिडकीकडे पाहिलं, पोलिसांकडे पाहिलं. पोलिसांपैकी कोणीच पुढे सरकलं नाही. एकाची आई त्याच इस्पितळात होती. त्याने काठी भिंतीला टेकवली आणि दगडाला हात लावला. नगराध्यक्ष आले त्या वाटेने परत गेले.

सभागृह आज उघडंबोडकं उभं आहे. मुकादम मात्र निवलेला नाही. नगराध्यक्षांच्या प्रत्येक सभेत तो पहिल्या रांगेत बसतो आणि उठून सगळ्यांसमोर सांगतो, "भिंत यांनी नाकारली, आणि मी गप्प बसलो." कोणी त्याला विचारतं, आता तरी सूड पुरा झाला का?

"शाळेच्या खिडक्या अजून उघड्याच आहेत," तो म्हणतो.