मेन स्विच

कॉम्प्युटरचं बटण दाबलं की रूता त्याच्याकडे पाठ करून बसायची. आपण बघत राहिलो की तो मुद्दाम वेळ लावतो, अशी तिची खात्रीच झाली होती. नर्सची नोकरी करणाऱ्या बाईने असल्या समजुती बाळगू नयेत हे तिला कळत होतं. पण फेब्रुवारीपासून तिचा स्वतःच्या शहाणपणावर फारसा भरवसा उरला नव्हता.

फेब्रुवारीत लुपेला तपासणीची वेळ मिळाली होती. लुपे नऊ वर्षांची. तापाने तिच्या हृदयाची एक झडप खराब करून ठेवली होती. राजधानीत, आपियाच्या मोठ्या इस्पितळात काढलेली तिच्या हृदयाची फिल्म रूताकडे पेनड्राइव्हवर होती. ऑकलंडच्या डॉक्टरीणबाई ती कॉम्प्युटरवरून बघणार, लुपेशी दोन शब्द बोलणार आणि ऑपरेशनच्या यादीत नाव घालायचं की नाही ते ठरवणार, असं ठरलं होतं. गावात फोनला रेंज होती ती जेमतेम बोलण्यापुरती. बाकी सगळं ह्या दवाखान्यातल्या एका कॉम्प्युटरच्या हवाली.

त्या दिवशी लुपे नवा फ्रॉक घालून, कानामागे फूल खोचून खुर्चीत पाय हलवत बसली होती. पडद्यावर ठिपके गोल गोल फिरत राहिले. मग ‘बदल मागे घेत आहोत, बंद करू नका’ अशी अक्षरं आली. मग मेला आपोआप बंद पडला आणि पुन्हा पहिल्यापासून ठिपके. तो उघडेपर्यंत डॉक्टरीणबाई दुसऱ्या बेटावरच्या दुसऱ्या मुलाकडे वळल्या होत्या. पुढची वेळ जूनमध्ये मिळाली. मधल्या काळात लुपेला पुन्हा ताप येऊन गेला, आणि आता चर्चच्या पायऱ्या चढतानाही ती मध्येच थांबून छातीवर हात ठेवायची. रूताला ते बघवत नसे.

आणि ती जूनची वेळ उद्या होती.

शहरातल्या कार्यालयात कॉम्प्युटरचं बघणारा सेमिसी म्हणून एक जण होता. त्याला रूताने इतके फोन केले होते की तो आता तिचा आवाज ऐकला की आधी हसायचा.

“बोला सिस्टर. आज काय, रुग्ण जिवंत आहे का?”

“हसू नकोस रे. उद्या सकाळी मुलगी इथे येऊन बसणार आहे. सकाळी आल्याआल्या चालू केलाय, आत्ता कुठे उघडला.”

“बरं, बरं. दमानं घेऊ. सुरू होताना आपोआप काय काय उघडतं ते बघा. मी सांगतो तिथे जा.”

तिने बघितलं. कुणीतरी कधीतरी घातलेले गाण्यांचे आणि गप्पांचे प्रोग्रॅम होते. ते त्याने बंद करायला लावले. मग डिस्क भरली आहे का ते पाहिलं, अर्धीही नव्हती. मग व्हायरस शोधला. तोही नाही. रूता मध्ये मध्ये एका म्हाताऱ्याची पट्टी बदलून आली, एका बाळाला टोचून आली, आणि फोन खांद्यावर तसाच.

“आता अपडेटची नोंद उघडा,” सेमिसी म्हणाला. “वाचा काय लिहिलंय.”

“अयशस्वी,” रूताने वाचलं. “अयशस्वी. अयशस्वी. अरे, रोजच अयशस्वी! आणि रोज तेच एक अपडेट आहे.”

पलीकडून हसू थांबलं. “सिस्टर, तुम्ही संध्याकाळी प्लग उपटता का?”

“छे! चांगला बंद करून जाते. बंद होताना तो सांगतो, काम चालू आहे, वीज तोडू नका. मी त्याला तसाच ठेवून दार ओढून घेते.”

“मग कुणीतरी तोडतंय. तुमची लाइन मंद, त्याला ते काम संपवायला रात्र लागते. अर्ध्यात वीज गेली की सकाळी तो आधी झालेलं सगळं निस्तरत बसतो. रोज तेच. कोण तोडतं?”

रूताने ओसरीकडे पाहिलं. कोण तोडतं हे तिला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं.

दवाखान्याची इमारत गावाच्या महिला समितीची. बायकांनी पैसे जमवून, वाळू वाहून उभी केलेली. एका बाजूला दवाखाना, दुसऱ्या बाजूला चटया विणायचं दालन, आणि ओसरीवर दोन्हींचा मिळून एक मेन स्विच. संध्याकाळी प्रार्थनेचा शंख वाजला की रस्ता ओस पडतो, पोरं घरात पळतात, आणि समितीच्या अध्यक्ष एतेवीसेबाई ओसरीवर येऊन तो स्विच खाली ओढतात. एकदा कुणीतरी विसरलेला रेडिओ ऐन प्रार्थनेत गायला लागला होता, तेव्हापासून. सकाळी अंगण झाडताना त्याच तो वर करतात. लशींचा फ्रिज छपरावरच्या सौर पाट्यांवर चालतो, त्यामुळे कुणाचं काही अडलं नव्हतं. रूता हे वर्षानुवर्षं बघत होती. आपण कॉम्प्युटर बंद करून जातो, मग स्विचचा काय संबंध, असं तिने धरून ठेवलं होतं.

आणि एतेवीसेबाई लुपेची आजी होत्या. लुपेची आई ऑकलंडला विमानतळावर साफसफाईचं काम करायची; पोरीला आजीनेच वाढवलं होतं.

“आज रात्री वीज राहू द्या,” सेमिसी सांगत होता. “एकदा पूर्ण झालं की सुटलात. नाहीतर उद्या पुन्हा तोच तमाशा.”

एतेवीसेबाई दालनात बारीक चटई विणत बसल्या होत्या. आजूबाजूला बायका, मध्ये कोकोची किटली. रूता दारात घुटमळली. सगळं गाव त्यांना आईच म्हणायचं, तीही.

“आई, जरा काम होतं.”

“बस. कोको घे. चेहरा का असा? कोण गेलं?”

“कुणी नाही. आज संध्याकाळी तेवढा स्विच खाली नको करू या.”

विणणारे हात थांबले नाहीत. “का?”

“कॉम्प्युटरचं काम चालू राहायला हवं रात्रभर.”

“शंख वाजल्यावर आम्ही माणसं काम थांबवतो. त्या डब्याची काय एवढी मिजास?” बायका खुदकन हसल्या. “अगं, उद्या म्हणशील, प्रार्थनाही त्याला विचारून करा.”

रूताला रागही आला आणि रडूही. आता कारण सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि कारण सांगितलं की म्हातारी फेब्रुवारीचंही सगळं जोडणार.

“उद्या लुपेसाठी लागणार आहे, आई. मध्येच वीज गेली की तो सकाळी उघडत नाही.”

हात थांबले. एतेवीसेबाईंनी चटई मांडीवरून बाजूला केली आणि रूताकडे पाहिलं.

“मागच्या वेळीही असंच झालं होतं?”

“ते… ते नक्की सांगता येत नाही,” रूता म्हणाली.

त्या संध्याकाळी शंख वाजला तेव्हा रूता घरी आपल्या मुलांबरोबर मांडी घालून बसली होती. प्रार्थनेत तिचं चित्त नव्हतं. सवयीने म्हातारीचा हात वर गेला तर? तिने डोळे मिटायच्या ऐवजी झावळ्यांच्या पडद्याच्या फटीतून दवाखान्याकडे पाहिलं. खिडकी उजळलेली होती, आणि ओसरीवर स्विचला पाठ लावून एतेवीसेबाई एकट्याच गुडघ्यांवर बसल्या होत्या.

सकाळी रूताने बटण दाबलं आणि सवयीप्रमाणे पाठ फिरवली. ती खुर्ची सरळ करते न करते तोच मागून लुपे म्हणाली, “रूताआत्या, उघडला की!”

डॉक्टरीणबाई पडद्यावर आल्या. फिल्म पाहिली. लुपेला जीभ दाखवायला लावली, स्वतःची दाखवली, लुपे हसली. मग त्या म्हणाल्या, नाव यादीत घालते, पुढच्या महिन्यात घेऊन या. रूताने ते सामोअन भाषेत सांगितलं. इतका आनंद तिला स्वतःच्या लेकरांच्या वेळीही झाला नसेल.

“एक विचार त्यांना,” एतेवीसेबाई म्हणाल्या. त्यांनी रविवारचा पांढरा पोशाख घातला होता. “फेब्रुवारीत बघितली असती, तर काही फरक पडला असता का?”

रूताने विचारलं. न विचारता कशी राहणार? डॉक्टरीणबाई मान हलवत सावकाश बोलल्या. तेव्हा झडप दुरुस्त करता आली असती. मधल्या तापाने ती फार बिघडली आहे, आता बदलावी लागेल. मुलगी बरी होईल, पण तिला जन्मभर औषध घ्यावं लागेल, रक्त तपासत राहावं लागेल.

“काय म्हणतात?”

“फरक पडला नसता म्हणतात,” रूता म्हणाली.

एतेवीसेबाईंनी डॉक्टरीणबाईंना वाकून धन्यवाद दिले. पडदा काळा झाल्यावर त्यांनी लुपेला बाहेर अंगणात पाठवलं, दार लोटून घेतलं आणि रूताच्या समोर येऊन बसल्या.

“मला इंग्रजी येत नाही, पोरी. पण नाही म्हणायला कुणाला एवढा वेळ लागत नाही. आता खरं सांग.”

रूताने सांगितलं. झडप, ताप, औषध, सगळं. सांगताना ती रडत होती. “चूक माझीही आहे, आई. स्विच मला रोज दिसत होता.”

“तुझं तू बघ,” एतेवीसेबाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले. “माझ्या मुलीला फोन लाव.”

“मी सांगते ना त्यांना. नीट समजावून—”

“लाव.”

रूताने फोन लावून त्यांच्या हातात दिला. रेंज खरखरत होती, तरी पलीकडचा अधीर आवाज खोलीभर ऐकू आला. “आई? लागलं का नाव? सांग ना, लागलं?”

“लागलं,” एतेवीसेबाई म्हणाल्या. “आता खाली बस. मला एक सांगायचंय, आणि माझं संपेपर्यंत मध्ये बोलू नकोस.”